त्या दिवशी भात संपला होता

"ताई, नमस्कार. आम्ही सिंहगड रोडला राहतो. मिस्टर ५६ वर्षांचे, एप्रिलमध्ये ऑफिसच्या चेकअपला डायबेटिस निघाला, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.२. अंगाने बारीक, पोट अजिबात नाही, गोडाची आवड नाही, त्यामुळे घरात सगळ्यांना धक्काच बसला. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. सगळे म्हणाले कडधान्यं खा, म्हणून मी रोज काहीतरी करते, मटकी, मूग, छोले, राजमा, आणि वरण तर दोन्ही वेळेला असतंच. तरी जेवणानंतर दोन तासांनी शुगर २३६ येते. एका रविवारी मिसळ खाल्ली तर २५१. एकदाच १६८ आली होती, त्या दिवशी भात संपला होता म्हणून त्यांनी मटकीची उसळच दोन वाट्या घेतली आणि एक पोळी. पुतण्या जिमला जातो, तो म्हणतो काकू डाळीत पण कार्ब असतात, बंद करून टाका. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना आसट वरण-भात लागतो, त्या म्हणतात डाळीने कधी कुणाची साखर वाढलीये का, पुरणपोळीसुद्धा डाळीचीच असते. घरात सगळ्यांना गॅसेस झालेत ते वेगळंच. मी शाळेत आहे, सकाळी साडेसहाला घर सोडते. डाळ चालू ठेवू का बंद करू? कुठली डाळ चांगली? आणि किडनीवर ताण येतो म्हणतात ते खरं का?"

ताई, जेवणानंतर न चुकता बोट टोचून तो आकडा वहीत लिहून ठेवताय ना, ते फार चांगलं करताय, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच आलेलं आहे. १६८ वाला दिवस बघा. त्या दिवशी तुम्ही काही खास केलं नव्हतं, कुठलं चूर्ण नाही की काढा नाही, फक्त भात संपला होता आणि भाताच्या जागेवर उसळ आली. बाकीच्या दिवशी उसळ आणि वरण भाताबरोबर येतं. सगळा फरक एवढाच आहे, आणि मला जे सांगायचंय तेही एवढंच, पण ते रोजच्या स्वैपाकात बसवायचं म्हटलं की बारीकसारीक शंभर गोष्टी निघतात म्हणून सविस्तर लिहिते.

थोडा हिशोब करू. एक वाटी शिजलेला भात म्हणजे साधारण १५० ग्रॅम, त्यात ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणजे ज्याची पोटात साखर होते तो पिठूळ भाग. आपल्याकडे बसलेला माणूस आधी वरण-भात, शेवटी ताक-भात किंवा आमटी-भात असं करत सहज अडीच वाट्या खातो, म्हणजे नुसत्या भातातून १००. त्यावर जे पातळ वरण ओततो त्यात एका वाटीला कोरडी डाळ किती येत असेल? १५ ग्रॅम, फार तर २०. म्हणजे प्रोटीन तीन-चार ग्रॅम. आपल्याला वाटतं दोन्ही वेळेला डाळ खाल्ली, प्रत्यक्षात खाल्लेला असतो भात, डाळीने तो फक्त ओला केलेला असतो. आता त्या दिवसाची उसळ घ्या, दोन वाट्या घट्ट उसळीत कोरडी मटकी ६०-७० ग्रॅम, तिच्यात कार्ब ४० च्या आतबाहेर, पण त्यातला चांगला मोठा भाग फायबर जो साखर म्हणून रक्तात येतच नाही, शिवाय प्रोटीन १५ ग्रॅमच्या आसपास, आणि एका पोळीचे २० कार्ब. कुठे ६० आणि कुठे १०० च्या वर. आणि ते ६० पण हळूहळू येणारे.

हळूहळू का, तर याच्यावर बरंच काम झालेलं आहे. १९८१ साली कॅनडात टोरांटो विद्यापीठात डॉ. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स (जीआय) ही मोजपट्टी मांडली, ग्लुकोजला १०० धरून बाकीचे पदार्थ साखर किती वर नेतात ते बघायचं. त्या पट्टीवर पांढरा भात साधारण ७३ ला येतो, मसूर ३२ च्या आसपास, छोले २८ आणि राजमा त्याहूनही खाली. म्हणजे पुतण्याचं म्हणणं चूक नाही, डाळीत कार्ब असतात, कोरड्या डाळीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असतात. पण ते स्टार्च दाण्याच्या आत पेशींच्या भिंतींमध्ये बंदिस्त असतं, त्याला फायबर आणि प्रोटीनचा वेढा असतो, त्यामुळे आतड्यात ते सुटायला वेळ लागतो. त्याला सांगा काकूने डाळ बंद नाही केली, भात कमी केला, आणि तो स्वतः प्रोटीन प्रोटीन करतो ते याच डब्यात आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. भिंतीच फोडल्या तर फायदा कमी होतो. अख्खा दाणा सगळ्यात हळू, मग सालीची डाळ, मग बिनसालीची डाळ, आणि रवीने घोटून घोटून गुळगुळीत केलेलं वरण त्याच्याही पुढे. घोटलेलं वरण वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, भातापेक्षा ते केव्हाही बरं, पण मिस्टरांसाठी अख्खं जेवढं जास्त तेवढं चांगलं. मटकी, हिरवे मूग, अख्खा मसूर, चवळी, हरभरे, हुलगे, वाल, पावटे, घेवडा. कुठली डाळ चांगली असं विचारलंत ना, तर खरंच सांगते यात पहिला नंबर दुसरा नंबर लावत बसू नका, सगळ्या चांगल्या आहेत, फिरवत राहा म्हणजे ते कंटाळणार नाहीत. हरभरा डाळीचं मात्र मला विशेष प्रेम आहे कारण ती कुकरमध्येसुद्धा दाणेदार राहते, दुधी-चणाडाळ किंवा कोबीत घातलेली डाळ एकेक दाणा लागेल अशी शिजवा, पोट भरतं आणि पोळी आपोआप एक कमी लागते. आणि मार्केटयार्डात भुसार बाजाराकडे जाणं झालं तर वाघ्या घेवडा विचारा, साताऱ्याकडचा, कोरेगाव भागातला, दाण्यावर लालसर रेघा असतात, त्याला जीआय मानांकन मिळालेलं आहे (हा जीआय वेगळा हं, हा त्या भागाची ओळख सांगणारा). राजम्यापेक्षा लवकर शिजतो आणि आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात काय सुंदर लागतो.

आता रोजच्या वरणाचं. सासूबाईंना आसट भात आणि मऊ वरण लागतं, ते त्यांना मिळालंच पाहिजे, ८१ व्या वर्षी त्यांच्या ताटात उगाच बदल करू नका. दोन स्वैपाक करायची पण गरज नाही. कुकरला डाळ लावताना नेहमीपेक्षा दीडपट लावा, उघडल्यावर घोटायच्या आधीच निम्मी डाळ बाजूला काढा, ती मिस्टरांची. त्यांच्या डाळीत पाणी घालू नका, त्यातच पालक चिरून टाका किंवा चुका, शेपू, दोडका, शेवग्याच्या शेंगा, काही पण, वर लसूण-मिरची-हिंगाची फोडणी. अशी घट्ट की वाटीत चमचा उभा राहील. उरलेली घोटून पातळ करा, ती सासूबाईंना. एकाच कुकरमधून दोन ताटं निघाली. आणि आमटीत चिंच-गूळ घालतो त्यातला गूळ निम्म्यावर आणा, मग अजून निम्म्यावर, कारण गूळ म्हणजे शेवटी जवळजवळ साखरच, रंग वेगळा एवढंच. चिंचेऐवजी आमसूल घातलं तर गोडाची गरजच कमी लागते आणि गोडा मसाला चांगला असेल तर तो सगळं सांभाळून घेतो.

भात पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. जो माणूस ५६ वर्षं भात खातोय त्याला भात तोडला की पंधरा दिवसांनी तो लपून खातो, हे मी माझ्याच घरात बघितलंय. एका वेळेला अर्धी वाटी ठेवा, दाबून नाही, सपाट, आणि एका वेळेला पोळी किंवा भाकरी. ताटाकडे बघून ओळखायची खूण अशी की उसळीची किंवा डाळीची वाटी भरलेली, भाताची अर्धी, आणि उरलेलं निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं. भाकरीबद्दल पण एक सांगते, ज्वारीची आहे म्हणून तीन चालतात असं नाही, ज्वारी पण धान्यच आहे, एक मध्यम पुरे.

आणि जेवायचा क्रम बदला. हे मला सगळ्यात जास्त आग्रहाने सांगायचंय कारण याला पैसे लागत नाहीत, वेळ लागत नाही आणि फरक मीटरवर दिसतो. आपल्याकडे ताटावर बसलं की पहिला घास वरण-भात-तूप-लिंबू. रिकाम्या पोटी पहिलाच घास मऊ भाताचा गेला की साखर सरळ वर चढते. त्याऐवजी पानात आधी काकडीची किंवा कोबीची कोशिंबीर आणि उसळ वाढा, ती निम्मी खाऊन झाली की मग पोळी-भाजी, आणि भात सगळ्यात शेवटी. फायबर आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की पोट हळू रिकामं होतं आणि मागून येणारा भात पण हळू पुढे सरकतो. तोच स्वैपाक, तेच प्रमाण. तुम्ही स्वतः करून बघा, सोमवारी नेहमीच्या क्रमाने आणि मंगळवारी अगदी तेच जेवण या क्रमाने, दोन्ही दिवशी जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजा (जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून). बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुवून पुसा, आंबा-केळं कापलेल्या बोटाला लागलेली साखरसुद्धा मीटर मोजतो आणि आपण उगाच घाबरतो. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या खाली असावा असं सहसा धरतात, पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळं टार्गेट दिलं असेल तर तेच खरं.

नाश्त्याचं तुम्ही लिहिलं नाहीत पण साडेसहाला निघता म्हणजे बहुतेक पोहे किंवा ब्रेड असणार. इथे डाळीचा एक फायदा आहे जो लोकांना माहीत नसतो. १९८२ मध्ये जेन्किन्स यांच्याच गटाने दाखवलं की सकाळी मसूर खाल्ला तर दुपारच्या जेवणानंतरची साखर पण कमी चढते, ब्रेड खाल्लेल्या दिवशीपेक्षा. म्हणजे सकाळची डाळ दुपारपर्यंत काम करते. तेव्हा रात्री हिरवे मूग भिजत घाला, सकाळी आलं-मिरची-कोथिंबीर-जिरं घालून थोडं भरड वाटा, धिरडी करा, तांदूळ अजिबात घालायचे नाहीत. वेळ नसेल तर वाटलेलं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहतं, मिस्टर स्वतः पण घालू शकतात, ५६ वर्षांच्या माणसाला धिरडं घालता आलं तर ते त्यांच्याच उपयोगाचं आहे. आठवड्यातून एकदा वाटली डाळ करा. आपण ती गणपती विसर्जनाच्या दिवशीच करतो आणि वर्षभर विसरतो, पण भिजवलेली हरभरा डाळ जाडसर वाटून हिंग-मोहरी-मिरचीच्या फोडणीवर वाफवलेली, वरून लिंबू आणि कोथिंबीर, यापेक्षा चांगला नाश्ता डायबेटिसवाल्याला कुठला मिळणार आहे? साखरेची चिमूट घालू नका आणि तेल मोजून घाला, ती तेल पिते.

खिचडी घरात होत असेलच, तिचं प्रमाण उलटं करा. आपण दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतो, तुम्ही एक वाटी तांदळाला दोन वाट्या सालीची मूगडाळ घ्या, फ्लॉवर, गाजर, मटार, फरसबी भरपूर. पहिल्यांदा थोडं वेगळं लागेल, दुसऱ्यांदा सवय होते. आणि मोकळी करा, पेजेसारखी नको.

मिसळीचं सांगते आणि पुढे जाते, कारण पुण्यात राहून मिसळ सोडा असं सांगणं मला पटत नाही. २५१ मटकीने नाही आली ताई, ती दोन पाव आणि मूठभर फरसाणाने आली. पाव मैद्याचा, फरसाण तळलेलं, शेव, वर बटाट्याची भाजी. घरी करा, मटकी भरपूर, कांदा-टोमॅटो-लिंबू भरपूर, फरसाण फक्त वरून एक चमचा कुरकुरीतपणाला, आणि पाव अर्धा किंवा नाहीच. मोजून बघा, तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

पुरणपोळीबद्दल सासूबाईंना प्रेमाने सांगा की डाळ आहेच हो, पण वाटीला वाटी गूळ पण आहे आणि बाहेरून कणीक-मैदा. होळीला अर्धी पोळी तूप लावून खाऊ दे, जेवणाच्या शेवटी, त्या दिवशी भात आणि कुरडया पानात नको, आणि संध्याकाळी अर्धा तास चालून या. सणाच्या दिवशी माणसाला पानावरून उठवायचं नसतं.

आता गॅसेस. याच कारणाने निम्मी घरं आठ दिवसांत कडधान्यं सोडून देतात म्हणून नीट लिहिते. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात ज्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या खातात आणि वायू होतो. आजार नाही तो. पण तुम्ही एकदम शून्यावरून रोज दोन-दोन वाट्यांवर गेलात, पोटाला सवय कधी होणार? अर्ध्या वाटीवर या, आठवड्याला थोडं थोडं वाढवा, दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणांना त्रास कमी होतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या, त्या साखरा पाण्यात उतरलेल्या असतात, दोनदा धुवा आणि ताज्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर त्या अजून कमी होतात. सुरुवात मूग, मसूर, मटकीने करा, छोले-राजमा-वाल नंतर. दाणा बोटाने दाबल्यावर लोण्यासारखा दबला पाहिजे, अर्धवट शिजलेली उसळ सगळ्यात जास्त त्रास देते. हिंग, ओवा, आलं आपल्या आज्या उगाच घालत नव्हत्या.

राजमा आणि घेवड्याला मात्र एक नियम पक्का. कच्च्या दाण्यात एक विषारी प्रोटीन असतं ज्याने उलट्या-जुलाब होतात, ते खळखळ उकळल्यावरच जातं. रात्रभर भिजवायचं, पाणी फेकायचं, कुकरला शिट्ट्या काढून पूर्ण मऊ करायचं. मंद आचेवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा सरळ टाकू नका.

आणि मोड आलेलं कच्चं खाणं बंद करा. मोड ज्या दमट उबेत येतात तीच ऊब जिवाणूंना पण आवडते. सासूबाईंना तर कच्चे मोड अजिबात नकोत. पाच-सात मिनिटं वाफवून घ्या, चव जात नाही. मोड आणले की कार्ब गायब होतात असाही एक समज आहे, तसं होत नाही, थोडं सी व्हिटॅमिन वाढतं, पचायला हलकं होतं, एवढा फायदा पुरेसा आहे की.

आता जे लिहितेय ते कृपा करून दोनदा वाचा. मिस्टरांना ग्लिमेपिराइड चालू आहे. ही गोळी तुम्ही किती खाल्लंय ते न बघता इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही भात अडीच वाट्यांवरून अर्ध्यावर आणला आणि गोळी तीच राहिली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. माझ्या आईला १८ वर्षं डायबेटिस होता, सुरुवातीला मी अशीच उत्साहात एका आठवड्यात तिचा भात बंद करून टाकला, डॉक्टरांना न विचारता, आणि एक दिवस दुपारी बाराला ती ओट्याशी उभी होती ती घामाने भिजली, हात थरथरायला लागले, मला ओळखल्यासारखं काही बोलेना. मीटरवर ५४. तो दिवस मी विसरले नाही. तेव्हा बदल करायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, सांगा की जेवणातला भात कमी करतोय, डोस बघायचा का. गोळी आपण होऊन कमी करू नका, बंद तर नाहीच. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड झाली तर मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा. पुढे कधी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी लागली तर घरात ग्लुकोज पावडरच ठेवा, त्या गोळ्यांवर साधी साखर लवकर लागू पडत नाही. आणि त्या गोळ्यांनी स्वतःच पोटात वायू होतो, तेव्हा त्या वेळी उसळीला दोष देऊ नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालतं तेव्हा बी१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी घरात जास्तच, वर्षातून एकदा तपासून घ्या असं डॉक्टरांना तुम्हीच आठवण करा.

किडनीचं. किडनी चांगली असेल तर रोजच्या एक-दोन वाट्या उसळ-डाळीने ती बिघडत नाही. बिघडते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि बीपीने. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासायचंच, मिस्टरांचं एप्रिलमध्ये झालंय का ते रिपोर्ट काढून बघा. त्यात काही निघालं तर मात्र डाळ किती ते डॉक्टर आणि डाएटिशियन ठरवतील, त्या वेळी माझं हे पत्र बाजूला ठेवायचं. मीठ आत्ताच कमी करा, पापड उडदाचा असला तरी तो मिठाचा आहे.

तुम्ही लिहिलंत बारीक असून डायबेटिस कसा. याचं उत्तर शोधणारं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. आपली भारतीय शरीरं बऱ्याचदा अशी असतात, वजन कमी, स्नायू कमी आणि चरबी आत लपलेली. म्हणून मिस्टरांना उपाशी ठेवायचं नाहीये, ताई. बारीक माणसाचा भात काढला आणि जागेवर काहीच ठेवलं नाही तर शुगर उतरेल पण माणूसही उतरेल, स्नायू जातील, आणि स्नायूच तर साखर वापरतात. भाताची जागा उसळीने भरायची ती याच्यासाठी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्याबरोबर ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरलीत, दोन हजार कॅलरीला, कोरड्या वजनाने. तुमच्या घरात मिस्टरांच्या वाट्याला सध्या ४० तरी येतात का ते एकदा काट्यावर बघा. वजन दर आठवड्याला लिहा, उतरायला लागलं तर डॉक्टरांना सांगा.

तुमच्या वेळेचं पण बघायला हवं, शाळा सांभाळून हे सगळं. रविवारी दोन प्रकारचं कडधान्य अर्धा-अर्धा किलो भिजवा, शिजवा, निथळून एका वेळेचं एक असे डबे भरून फ्रीजरमध्ये टाका. सकाळी निघताना एक डबा बाहेर काढून खालच्या कप्प्यात ठेवला की संध्याकाळी फक्त फोडणी. सोमवारी गोडा मसाला आणि आमसूल, बुधवारी लसूण-खोबरं, शुक्रवारी नुसती मिरची-कोथिंबीर आणि भरपूर कांदा, तीच मटकी तीन चवींची होते. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी पिठलं आणि एक भाकरी, बेसन पण हरभऱ्याचंच. हुलग्याचं पिठलं जमलं तर फारच छान, थंडीत तर हवंच.

आणि सासूबाई. पत्रावरून मला वाटलं त्यांना थोडं बाजूला पडल्यासारखं झालंय, मुलाला आजार झाला, स्वैपाकघरातले नियम बदलले आणि त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना वालाचं बिरडं येत असेल तर त्यांच्याकडूनच करवून घ्या. वाल रात्री भिजत घालून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवा, मोड आले की कोमट पाण्यात टाकून परात त्यांच्यापुढे द्या, डाळिंब्या सोलायला संध्याकाळी मिस्टरांनाही शेजारी बसवा. गूळ किती घालायचा ते तेवढं आधी बोलून घ्या, अगदी सुपारीएवढा. ओवा त्या स्वतःच घालतील. त्या रात्री भात सगळ्यात शेवटी, अर्धी वाटी, आणि दोन तासांनी जो आकडा येईल तो त्यांनाच वाचायला सांगा.